यादीतला बाविसावा क्रमांक

"क्रमांक एक. दोर. पन्नास फूट."

"आहे."

"नुसतं आहे म्हणू नकोस. हात लावून सांग."

मी वाकून दोराच्या वेटोळ्याला हात लावला. "आहे."

"क्रमांक दोन. कंदील."

"अप्पा, सकाळचे सात वाजलेत."

"आत्ता सात वाजलेत," अप्पा म्हणाले. "पुढे वाजायचे थांबणार आहेत का?"

मी कंदिलाला हात लावला.

आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर सतरंजी पसरली होती आणि तिच्यावर शिकारीचं सामान ओळीने मांडलं होतं. माणदेशाच्या एका टोकाला तेव्हा धरण बांधत होते. अप्पा, म्हणजे माझे वडील केशव अंतूरकर, त्या धरणावर स्टोअरकीपर होते. आयुष्यात त्यांनी ढेकूण सोडून कशाची शिकार केलेली नव्हती. पण आदल्या संध्याकाळी कालव्यावरच्या चौकीतून वसाहतीच्या टेलिफोनवर एक निरोप आला होता. ऑपरेटरने तो चिठ्ठीवर उतरवून घेतला: 'धनगरांच्या तळावर वाघरू. मेंढरं उघड्यावर. पाठवा.' मोठे साहेब रजेवर होते. ओव्हरसियरने चिठ्ठी वाचली आणि अप्पांकडे सरकवली. "अंतूरकर, सामान तुमच्याकडे आहे, बंदूक सुभेदारांकडे आहे. दोघं मिळून काय ते बघा."

काय पाठवा ते चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं. म्हणून अप्पांनी सगळंच काढलं.

"क्रमांक चार. शिट्ट्या. दोन."

"दोन कशाला?"

"एक हरवली तर दुसरी वाजवून पहिली शोधता येते."

असं ते गंभीरपणे बोलत. अप्पा कधीच विनोद करत नसत आणि त्यामुळे त्यांच्याजवळ हसू आवरणं फार कठीण जाई. यादी त्यांनी रात्रीच तयार केली होती, फुलस्केप कागदावर चार रकाने आखून: क्रमांक, वस्तू, नग, कशासाठी. मिरचीपूड पाव किलो: जनावराच्या डोळ्यांसाठी. आरसा एक: जनावर मागून आल्यास. छत्री काळी, एक: एकदम उघडल्यास जनावर बिचकते. घडीची खुर्ची एक: सुभेदारांसाठी. जांभळं औषध, बाटली एक, आणि कापूस: जनावराने ओरबाडल्यास. चिवडा, दोन किलो. चिवड्यापुढे 'धीर टिकण्यासाठी' असं लिहिलं होतं.

"क्रमांक नऊ. जाळे. एक."

ते जाळं चांगलंच मोठं होतं. काळपट सुताचं, जाड विणीचं, कडेने लाकडी खुंट्या बांधलेलं. तीन दिवसांपूर्वी जीपचा ड्रायव्हर मकबूल याला ते फलटणच्या रस्त्यावर पडलेलं सापडलं होतं. त्याने स्टोअरला आणून दिलं, अप्पांनी 'बेवारशी' असा पुठ्ठा बांधून कोपऱ्यात ठेवलं.

"जनावरावर टाकायला," अप्पा म्हणाले. "बंदूक नाही चालली तर."

"क्रमांक सोळा. शेळी."

"शेळी नाहीये, अप्पा."

"मिळाली नाही," त्यांनी कबूल केलं आणि त्या ओळीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारली. "आमिषाला पाहिजे होती. शाळेच्या नाटकात तू शेळी झाली होतीस ना?"

"चौथीत."

"ओरडायला येतं अजून?"

"म्हणजे शेळीच्या बदली मी का?"

"नाही नाही," अप्पा घाईने म्हणाले. "तू वेगळ्या क्रमांकावर आहेस."

मी खरंच होते. यादीच्या तळाशी, बाविसावी: 'चि. मंदाकिनी. १.' पुढे 'कशासाठी'चा रकाना कोरा होता.

"माझं काम काय ते लिहिलं नाहीत."

"लिहू," अप्पा म्हणाले. "बघू."

हा शब्द मला पाठ झाला होता. माझी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, झाली होती, गुण चांगले होते, पुण्याला मावशी होती, कॉलेजच्या वसतिगृहात जागा होती. प्रवेशाचा अर्ज भरून तयार होता. फक्त पालकाची सही राहिली होती, तीही शाईनेच हवी असं खाली छापलेलं होतं. अर्ज बुधवारी संध्याकाळपर्यंत पुण्यात पोचायला हवा होता. आज सोमवार. वसाहतीतून पुण्याच्या वाटेची एसटी दिवसाला एकच, सकाळी साडेसहाची. तीन आठवडे मी विचारत होते आणि अप्पा तीन आठवडे 'बघू' म्हणत होते. नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं. काल रात्री पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "आधी हे जनावर निपटू दे." म्हणून मी शिकारीला निघाले होते. अर्ज मी घडी करून माझ्या खांद्यावरच्या पिशवीत, काडतुसं आणि चिवडा यांच्या खाली ठेवला होता. तो यादीत नव्हता.

सुभेदार हैबतराव काळोखे आठ वाजता आले. वसाहतीच्या पहारेकऱ्यांचे ते मुख्य. फौजेतून निवृत्त, मिशा कडक, गुडघे दुखरे. त्यांच्या बंदुकीचा परवाना फ्रेम करून त्यांनी भिंतीला लावला होता. बंदूक मात्र शेवटची कधी वाजली ते कुणाला आठवत नव्हतं. त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नात, असं मकबूल म्हणे, आणि तेव्हाही मांडवाला भोक पडलं होतं.

सतरंजीकडे बघून सुभेदार थबकले. "स्टोअरसाहेब, आपण मोहिमेवर जातोय का संसार हलवतोय?"

"न लागणारी वस्तू अशी नसते, सुभेदारसाहेब," अप्पा म्हणाले. "ती अजून लागलेली नसते इतकंच."

"आणि पोरगी?"

"तीही येते आहे."

"जनावराच्या तोंडी?"

"घरी एकटी कशी ठेवू?" अप्पा म्हणाले. वसाहतीत दोनशे माणसं होती.

जीपमध्ये आम्ही बसलो असं म्हणण्यापेक्षा सामानात रुतलो. खुर्चीचा पाय माझ्या बरगडीत आणि मिरचीपूड नाकाशी. वाटेत वाघरू म्हणजे नक्की काय यावर चर्चा झाली.

"बिबट्याचं पोर असणार," सुभेदार म्हणाले.

"या मुलखात बिबट्या? झाड तरी आहे का चढायला?" मकबूल म्हणाला. "लांडगा असेल साहेब. नाहीतर तरस."

"तरसाला मिरचीपूड चालते का?" अप्पांनी विचारलं.

"खाऊन सांगायला तरस पाहिजे, अप्पा."

अप्पांनी यादी काढली आणि त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह केलं.

रस्ता माळाच्या तोंडाशी संपला. पुढे सगळी खडी आणि कुसळं. आभाळ ढगांनी भरलेलं, पण ढग नुसते पुढे सरकत होते, त्यांना इथे थांबायचं नव्हतं. मकबूल म्हणाला, "मी जीपपाशी थांबतो. जनावर जीपला काही करत नाही."

"तुला कसं माहीत?" सुभेदारांनी विचारलं.

"आजवर केलं नाही ना."

मग अर्धा मैल आम्ही तिघं ते सामान घेऊन चाललो. दोर अप्पांच्या खांद्यावर, जाळं पाठीवर, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात छत्री. सुभेदारांकडे बंदूक आणि खुर्ची. बाकी सगळं माझ्याकडे. दर शंभर पावलांवर सुभेदार खुर्ची उघडून तिच्यात बसत आणि क्षितिजाची पाहणी करत. अप्पा आरशात मागे बघत चालत होते, त्यामुळे दोनदा पुढे ठेचकाळले.

"आवाज दे," मध्येच ते हळूच म्हणाले.

"कसला?"

"शेळीचा. म्हणजे जनावर आपल्याकडे येईल, मेंढरांकडे जाणार नाही."

"अप्पा, माझ्या हातात चिवडा आहे."

"आवाज तोंडाने द्यायचा असतो."

सतरा वर्षांची, मॅट्रिकला संस्कृतात तालुक्यात पहिली आलेली मी, त्या उघड्या माळावर शेळीसारखी ओरडले. एकदा नाही, तीनदा. मला सही हवी होती.

तिसऱ्या हाकेला एक बाई उठून उभी राहिली.

ती दगडांच्या आडोशाला बसली होती. पन्नाशीची, काटक, अंगावर घोंगडं. तिच्यामागे दीडेकशे मेंढरं माळावर विस्कटलेली होती आणि एक दात पडलेली म्हातारी कुत्री बसल्या जागेवरून आमच्यावर भुंकत होती.

"काय ओ," बाई म्हणाली, "शेरडू हरपलं जनू तुमचं?"

"बाई, मागे व्हा," सुभेदार खुर्ची टाकून पुढे सरसावले. "कुठाय जनावर?"

"कंचं जनावर?"

"वाघरू."

"कसलं वाघरू?"

अप्पांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि तिला वाचून दाखवली. धनगरांच्या तळावर वाघरू, मेंढरं उघड्यावर, पाठवा. बाई ऐकत राहिली. मग तिने तोंडाला पदर लावला आणि ती खाली बसली. ती रडते आहे असं मला वाटलं. ती हसत होती.

"आवो वाघरू न्हवं," ती डोळे पुसत म्हणाली. "वाघर. वाघर म्हनलं म्या त्या चौकीवाल्याला. आमची वाघर गेली, मेंढरं उघड्यावर हायती, कुनाला घावली तर पाठवा. मेंढरं कोंडायची जाळी ओ. कोकनातनं येताना घोड्यावरनं पडली कुटंतरी. तीन दिस झालं. आमची बापयमानसं हुडकायला गेल्यात, कुत्री पन घेऊन गेल्यात, आन् मी बसलेय ही म्हातारी कुत्री घेऊन."

वाऱ्याने चिठ्ठी फडफडली.

"म्हणजे," सुभेदार सावकाश म्हणाले, "आपण जाळ्याची शिकार करायला आलो."

अप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते यादी उघडून बोट फिरवत होते. त्यांचं बोट एके जागी थांबलं. "क्रमांक नऊ," ते म्हणाले आणि पाठीवरचं जाळं उतरवून त्यांनी बाईपुढे ठेवलं. "ही का?"

बाईने खुंट्यांना हात लावला. एकेक खुंटी ती चाचपून बघत होती. मग तिने वर पाहिलं. "माझ्या सासूनं इनलेली हाय ही. तुमच्यापाशी कशी?"

"बेवारशी म्हणून होती," अप्पा म्हणाले. "मला माहीत असतं तर काल रात्रीच आणली असती."

त्यांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे पाहिलं ते पूर्वी क्वचितच पाहिलं होतं. एका वस्तूची नेमकी गरज पडली होती आणि ती वस्तू त्यांच्याजवळ होती.

तिचं नाव ठकूबाई. वाघर लावायला आम्ही तिला मदत केली. खुंट्या दगडाने ठोकायच्या होत्या, हातोडी यादीत नव्हती. या गोष्टीने अप्पा जरा खट्टू झाले. अर्ध्या तासात गोल कुंपण उभं राहिलं, जेमतेम माझ्या कमरेएवढं. ठकूबाईने जिभेने टक् टक् असा आवाज केला, तशी मेंढरं एकामागून एक आत शिरली आणि अंगाला अंग लावून खाली बसली. तीन दिवस ती उभ्यानेच झोपत होती म्हणे. सुभेदार खुर्ची टाकून बसले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. मग ठकूबाईने चुलीवर गुळाचा चहा ठेवला, अप्पांनी चिवडा काढला आणि शिकारीची सहल झाली.

"एवढं सामान काय करायला?" ठकूबाईने सतरंजीवर असावं तसं खडीवर मांडलेलं सामान न्याहाळत विचारलं.

"लागेल म्हणून."

"आन् ह्यो कासरा? जनावर बांधून न्येनार हुता का काय?"

अप्पांनी दोराकडे पाहिलं. "एकदा लागला होता," ते म्हणाले. "तेव्हा नव्हता."

ठकूबाईने पुढे विचारलं नाही. मीही नाही. मला ते माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून नाही. मी आठ वर्षांची असताना, याच्या आधीच्या धरणावर, आईला घेऊन दवाखान्यात निघालेली जीप ओढ्याच्या गाळात रुतली. ओढून काढायला पलीकडे ट्रक उभा होता. बांधायला काही नव्हतं. मैलभर मागे, अप्पांच्या स्टोअरमध्ये, दोराची चौदा वेटोळी भिंतीला टांगलेली होती. आई दवाखान्यात पोचलीच नाही.

तेवढ्यात म्हातारी कुत्री उठून उभी राहिली. आल्यापासून पहिल्यांदाच.

समोरच्या ताळीच्या बांधावर, चाळीसेक पावलांवर, लांडगा उभा होता. मी तो कल्पनेत फार मोठा केला होता. हा कृश होता, मातकट रंगाचा, उन्हाळ्याने केस गेलेला. तो आमच्याकडे बघत नव्हता. मेंढरांकडे बघत होता.

"सुभेदारसाहेब," अप्पा कुजबुजले.

सुभेदार दचकून जागे झाले. लांडगा बघताच त्यांनी बंदूक उचलली आणि तितक्याच गंभीरपणे परत खाली ठेवली. "भरलेली नाही," ते म्हणाले. "काडतुसं?"

"मंदा, क्रमांक तीन."

मी पिशवीत हात घातला. आधी चिवडा आला. मग कापूस. मग अर्ज आला, तो मी घाईघाईने परत कोंबला.

"क्रमांक आठ," अप्पा म्हणाले, आणि स्वतःच छत्री घेऊन पुढे झाले. त्यांनी ती लांडग्यावर रोखली आणि खटका दाबला. छत्री उघडली नाही. पुन्हा दाबला. लांडग्याने मान किंचित कलती केली आणि तो खाली बसला. काय चाललं आहे ते त्याला नीट बघायचं होतं.

अप्पांचा डावा हात मागे आला. मी कुठे आहे ते त्यांनी न बघता चाचपून पाहिलं आणि माझं मनगट धरलं. ते लांडग्याला घाबरले होते असं मला तेव्हा वाटलं. पकड इतकी घट्ट होती की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ दिसत होते.

"असू द्या ओ," ठकूबाई चहा ओतत मागून म्हणाली. "रोज येतो त्यो ह्या वक्ताला. मोजून जातो." आणि तिने एक खडा उचलून, नेमही न धरता, त्या दिशेला टाकला. "हाड रं."

लांडगा उठला. घाई न करता ताळीपलीकडे उतरला आणि गेला. छत्री आपोआप उघडली.

छत्री खाली टाकून, मला ओढत, अप्पा वाघरीपाशी जाऊन उभे राहिले. तिची उंची त्यांनी उजव्या हाताने स्वतःच्या कमरेशी जोखली.

"ठकूबाई, हिच्यावरून लांडगा सहज उडी मारेल."

"मारतो की. दोन साल झालं, ऐन दुपारचा आत शिरून दोन न्हेली."

"मग ही लावता कशाला?"

"लांडग्यासाटी कुनी लावली?" ती म्हणाली. "मेंढरांसाटी हाय ती. त्यास्नी वाटतं आपन आत हाय. मग बसत्यात, रवंथ करत्यात. न्हाय तर उगं भ्यायची, रातभर पळायची आन् कड्यावरनं पडून मरायची. लांडगा काय, त्येला न्यायचं ते न्हेतो. वाघर भ्यासाटी हाय."

अजून त्यांनी माझं मनगट सोडलेलं नव्हतं. आता त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी हात काढला आणि धोतराला पुसला.

ठकूबाईने मला चहाची वाटी दिली. "शाळेत जातीस का गं, बाय?"

"झाली शाळा. पुण्याला कॉलेजात जायचं आहे."

"मग जा की."

मी अप्पांकडे पाहिलं नाही. वाटीकडे पाहिलं.

"अर्ज कुठे आहे?" अप्पांनी विचारलं.

"पिशवीत."

"यादीत नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला. मी अर्ज काढून दिला. चिवड्याच्या तेलाचा त्याच्या कोपऱ्याला डाग पडला होता. अप्पांनी तो खुर्चीवर ठेवून सपाट केला, सुभेदारांना त्यासाठी उठवलं, चष्मा लावून सगळा वाचला, पाठपोट. वसतिगृहाचे नियमही वाचले. मग कानामागची पेन्सिल काढली.

"शाईने पाहिजे," मी म्हटलं.

"पेन दे."

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे. बावीस क्रमांक, दोन शिट्ट्या, एक आरसा, आणि पेन नव्हतं.

अप्पांनी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा तपासली. सुभेदारांनी आपले खिसे उलटे केले, त्यातून तपकीर निघाली.

"घरी गेल्यावर करा," सुभेदार म्हणाले.

"घरी गेल्यावर..." अप्पा म्हणाले आणि थांबले. घरी गेल्यावर ते पुन्हा 'बघू' म्हणतील हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत असावं.

"अंगठा द्या की मग," ठकूबाई म्हणाली. "धरनात आमचं रान गेलं तवा आमी अंगठाच दिला. जांभळा. आठ दिस गेला न्हवता रंग."

सुभेदार खोकले. अप्पांनी मान खाली घातली, धरणाचा माणूस म्हणून. मग ती एकदम वर केली.

"मंदा, क्रमांक तेरा."

जांभळं औषध. मी बाटलीचं बूच काढलं. लिहायला काही हवं होतं. ठकूबाईने अंबाड्यात खोचलेला साळिंदराचा काटा उपसला, त्याने ती भांग पाडत असे, आणि लुगड्याला पुसून अप्पांना दिला. अप्पांनी काटा औषधात बुडवला, जादाचा थेंब बाटलीच्या काठाला निथळवला आणि पालकाच्या सहीच्या जागी, स्टोअरच्या कागदावर करत तशी, पूर्ण नाव लिहून सही केली. के. वि. अंतूरकर. अक्षरं जाड आली होती आणि कडेला किंचित फुटली होती.

"फुंकर घाल," ते म्हणाले. "पुसेल."

मी पाठ वळवून, वाऱ्याला आडोसा करून, त्या सहीवर फुंकर घालत बसले. मध्ये एकदा मागे पाहिलं तर अप्पा काटा हातात धरून गुडघ्यावरच्या यादीत काहीतरी लिहीत होते. औषध किती खर्च झालं ते लिहीत असतील असं मला वाटलं. ते तसे होते.

संध्याकाळी ओट्यावर सामान परत मोजून घेतलं. क्रमांक एक, दोर. मी हात लावून सांगितलं, आहे. क्रमांक नऊपाशी अप्पा म्हणाले, "मालकाला पोचली." एकवीसपर्यंत वाचून त्यांनी यादीची घडी घातली.

"बावीस राहिला," मी म्हटलं.

"ती सकाळच्या गाडीने जाते आहे," अप्पा म्हणाले आणि कंदील आत ठेवायला गेले.

मंगळवारी साडेसहाच्या एसटीत त्यांनी मला बसवून दिलं. पन्नास फूट दोर माझ्या ट्रंकेला बांधला होता, इतका की तो सोडवायला मावशीच्या घरी तिघं लागली. बुधवारी कॉलेजच्या कारकुनाने सही उजेडात धरून बघितली. "ही कसली शाई?"

"औषध आहे," मी म्हटलं. "लांडग्याने ओरबाडल्यावर लावायचं."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि शिक्का मारला.

त्यानंतर मी घरी सुट्टीपुरतीच राहिले. अप्पा पुढच्या धरणावर गेले, मग त्याच्या पुढच्या. लांडग्याची गोष्ट आम्ही पाहुण्यांना सांगत असू. छत्रीचा भाग ते, शेळीचा भाग मी. सगळे हसत. अप्पा कधी हसत नसत, त्यामुळे जास्तच हसत.

गेल्या महिन्यात अप्पा गेले. ब्याण्णव वर्षांचे होते. दवाखान्यात नेताना गाडी कुठे अडली नाही, सगळं वेळेवर मिळालं, काहीही कमी पडलं नाही.

गुरुजींनी दहाव्याच्या साहित्याची यादी दिली. दर्भ, काळे तीळ, सातूचं पीठ, पंचा, पळी-भांडं. दहाव्या दिवशी सकाळी मी ते सगळं ओळीने जमिनीवर मांडलं आणि एकेका वस्तूला हात लावत गेले. पळी सापडत नव्हती म्हणून अप्पांची पत्र्याची ट्रंक उघडली. पळी तिथे नव्हती. रेशनकार्डाच्या पाकिटात, माझ्या जन्मदाखल्याच्या घडीत, फुलस्केपचा एक पिवळा पडलेला कागद होता. चार रकाने. शेळीवर रेघ. मिरचीपुडीपुढे प्रश्नचिन्ह.

सगळ्यात खाली बावीस. चि. मंदाकिनी. १. 'कशासाठी'चा रकाना कोरा नव्हता. त्यात साळिंदराच्या काट्याने लिहिलेला, कडेला फुटलेला, आता फिका झालेला एकच जांभळा शब्द होता.

वाघर.

बाहेरून गुरुजींनी विचारलं, "ताई, सगळं आहे ना?"

मी त्या शब्दाला हात लावला.

"आहे," म्हटलं.